अंबूबाईची आंघोळ

मंगळवार पेठेत पन्नाशीच्या आतला कुठलाही माणूस धरा आणि त्याच्यासमोर अंबूबाई साळोखेचं नाव काढा. तो आधी हसेल आणि मग हळूच इकडंतिकडं बघेल. कारण त्याच्या आईनं त्याला शंभरदा ऐकवलेलं असतं की तू उघडानागडा अंबूबाईच्या नडग्यांवर पालथा पडून सगळी पेठ डोक्यावर घ्यायचास. पुढं तो नगरसेवक झालेला असो, सराफ झालेला असो, नाहीतर दारात दोन गाड्या लावणारा बिल्डर असो. अंबूबाईनं सगळ्यांची नाकं ओढून, कान पिळून आणि टाळू भरून त्यांना माणसात आणलेलं होतं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हा तिचा धंदा. चाळीस-बेचाळीस वर्षं तिनं तो केला, आणि त्या अवधीत तिला कुणी “जरा हळू” म्हणाल्याचं ऐकिवात नाही. कुणाची प्राज्ञाच नव्हती.

ती घरात शिरली की घर तिचं. बंब किती पेटवायचा, ओवा-शेपांची धुरी कधी द्यायची, खिडकीला गोधडी लावायची की चादर, हे ती ठरवायची. सासवा मुकाट बाजूला व्हायच्या, नवरे तर चहाच्या टपरीवर पळायचे. बाळंतीण कण्हली की अंबूबाईचं ठरलेलं उत्तर असायचं, “बाळंतीण म्हंजे कच्चं मडकं. भाजल्याबिगार पक्कं हुतंय व्हय?” पाणी बरं आहे की नाही हे बघायला ती चोळीची बाही वर करून हंड्यात कोपर बुडवायची. कोपरानं एकदा सांगितलं की विषय संपला. तिचा स्वभाव आतून गोड होता वगैरे कुणी सांगायला लागलं तर विश्वास ठेवू नका. आतून-बाहेरून ती सारखीच होती, मिरचीच्या खर्ड्यासारखी.

अशा बाईला ऐंशीव्या वर्षी कोण न्हाऊ घालत होतं? कुणीच नाही. तिला पुसत होते.

झालं होतं असं की संक्रांतीनंतर चार दिवसांनी मोरीत तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आठवड्यानं घरी आणलं. मुलगा विश्वजित उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवणारा, मापात काम करणारा माणूस. त्यानं दवाखान्यासारखी लोखंडी खाट आणली आणि ती सोप्यात टाकली, रस्त्याकडच्या दारासमोर. का, तर हवा लागते. समाचाराला येणाऱ्यांनी आपापली अक्कल पाजळली. खुबा मोडलेलं माणूस उठलं की परत पडतं, आणि दुसऱ्यांदा पडलं की संपलं, असं समोरची शालूबाई म्हणाली. तिच्या जावेचं तसं झालं होतं म्हणे. बोळातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि अंबूबाईचं उठणं तिथंच बंद झालं. विश्वजितनं एक तक्ता करून कपाटाला चिकटवला. सहा वाजता पुसणे. सात वाजता गोळी. आठला पेज. बाराला कूस बदलणे. चारला डायपर.

हो, डायपर. जिनं अख्ख्या पेठेची दुपटी बदलली तिला डायपर, आणि तोही सोप्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, नुसती चादर आडवी धरून.

सकाळी सहाला सून संयोगिता कोमट पाण्यात टॉवेल बुडवायची आणि फरशी पुसावी तशी सासूला पुसून काढायची. साडेनऊला तिला सहकारी बँकेत पोहोचायचं असायचं. अंबूबाई ओरडायची, “मला मोरीत ने. धा वाजता ऊन येतंय मोरीत, तवा न्हाऊ घाल. कढत पाणी पायजे मला.”

संयोगिता म्हणायची, “आत्ती, हात वर करा.” बस. दुसरा शब्द नाही.

विश्वजितला काही म्हटलं तर त्याचं एकच, “आई, तुझ्या काळजीपोटीच चाललंय की सगळं.” काळजी हा फार सोयीचा शब्द आहे. त्याच्याखाली माणूससुद्धा झाकून ठेवता येतं. अंबूबाईला तर कधीकधी वाटायचं की आपण मेलोय आणि हे लोक तेराव्यापर्यंत आपल्याला स्वच्छ ठेवतायत.

मग ती उलटली. तिच्यापाशी दुसरं हत्यार तरी कुठं होतं? कामाच्या बाया पुरवणाऱ्या ब्यूरोकडून दिवसभराची बाई लावलेली होती. पहिलीच्या अंगावर तिनं पेजेची वाटी फेकली. दुसरीच्या मनगटाला चावली. तिसरी म्हणाली, “माझं शाणं बाळ ते, आ कर बघू,” तर तिच्या कानशिलात अशी बसली की ती चपला न घालताच पळाली. चौथी आणि पाचवी मिळून आठ दिवस टिकल्या. ब्यूरोवाल्यानं सांगितलं, आता शेवटची बाई पाठवतो, हीपण गेली तर आमचं नाव काढू नका.

त्या रविवारी विश्वजित खाटेसमोर खुर्ची घेऊन बसला. “आई, जयसिंगपूर रस्त्याला एक वृद्धसेवा केंद्र हाय. मी बघून आलोय. चांगलं हाय. ही सहावी बाई टिकली न्हाय तर महिनाअखेरीला तुला तिकडं न्यायचं ठरवलंय आम्ही.”

“तुम्ही ठरवलंय?”

“व्हय.”

“आणि मी काय गाठोडं हाय?”

विश्वजितनं खुर्ची उचलून भिंतीला लावली. संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अंबूबाईनं तिच्याकडं बघून ठरवून टाकलं की ही कल्पना हिचीच. बावीस वर्षांत या सुनेनं तिला उलट उत्तर दिलं नव्हतं आणि सरळही दिलं नव्हतं. असलं माणूस अंबूबाईला कधीच पटलं नाही. भांडणारं माणूस परवडतं, हे मुकं काय शिजवतंय कळत नाही.

सोमवारी सहावी आली. निशिगंधा नाव, सव्वीस-सत्तावीसची, वारणानगरच्या कामगार कॉलनीत वाढलेली. तोंडावर हसू म्हणून नाही.

“आज्जी, मी निशिगंधा. वारणानगरची.”

“तिकडं कोण कामाला ठेवंना म्हणून हितं आलीस व्हय?”

“व्हय. आणि तुमच्याजवळ कोण टिकंना म्हणून मला धाडलंय. दोघीबी टाकाऊच. चला, डायपर बदलू द्या.”

अंबूबाईनं हात उगारला. निशिगंधानं तो मनगटापाशी धरला आणि शांतपणे परत चादरीवर ठेवला. “मारलासा तर मी जाणार. मी गेले की तुम्ही जयसिंगपूरला. मला दुसरं काम मिळंल, तुमास्नी दुसरं घर मिळायचं न्हाय. ठरवा.”

ठरवा! चार महिन्यांत हा शब्द तिला कुणी ऐकवला नव्हता. पोरगी उर्मट होती, पण उर्मटपणात का होईना, तिनं विचारलं होतं.

“मला संडासला चालत जायाचंय,” अंबूबाई म्हणाली.

“मग आजवर का न्हाय गेलासा?”

“जाऊ देत न्हाईत.”

“डॉक्टर काय म्हणला हुता?”

“मला कोण सांगतंय!”

दवाखान्याची पिशवी खिळ्याला लटकत होती. निशिगंधानं ती खाटेवर रिकामी केली. वर बिलं, मग एक्सरे, मग औषधांच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत तळाला घडी न मोडलेला, घरी सोडतानाचा कागद. इंग्रजीत होता. निशिगंधा बोट ठेवून वाचत गेली आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेली. तिसऱ्या दिवसापासून वॉकर धरून चालवणे. दिवसातून चार वेळा. संडासला उंच खुर्ची वापरणे. डायपर शक्यतो टाळणे. पडून राहू देऊ नये.

“पडून राहू देऊ नये,” अंबूबाईनं तिला परत वाचायला लावलं.

वॉकर आणि संडासची उंच खुर्ची माळ्यावर होती, प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट. दवाखान्यातून आल्या दिवशी दोन्ही तिथं गेली होती. डॉक्टरचा कागद कुणी वाचला नव्हता आणि शालूबाईच्या जावेचा खुबा सगळ्यांच्या तोंडपाठ होता. अंबूबाईला इतका संताप आला की तिनं कागद निशिगंधाच्या हातातून ओढला आणि उशीखाली खुपसला. चार महिने! चार महिने ही माणसं तिला चादरीआड पुसत होती, आणि तिची सुटका तिच्याच उशाशी खिळ्याला टांगलेली होती.

“ह्यास्नी सांगू नगंस,” ती म्हणाली. “चालून दावते आणि मग बोलते.”

नातवंडं शिकायला बाहेरगावी, त्यामुळं दहा ते पाच घर मोकळं असायचं; पाचच्या आत वॉकर आणि खुर्ची परत माळ्यावर जायची. पहिल्या दिवशी दोन पावलं झाली आणि अंबूबाईनं निशिगंधाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी पाय सुजला म्हणून सुट्टी. निशिगंधा पाठीमागून कमरेला पट्टा बांधून धरायची आणि ओरडायची, “वाकू नगासा! म्हशीगत मान खाली घालून कुठं निघालासा?” म्हातारी त्याच्यावर वरचढ ओरडायची. शेजाऱ्यांना वाटायचं, सहावीचीही घटका भरली. तेराव्या दिवशी अंबूबाई सोप्यातून निघाली, स्वयंपाकघर ओलांडलं आणि संडासातल्या उंच खुर्चीवर जाऊन बसली. दार तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलं. आत बसून ती मोठ्यानं हसली. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. लग्न ठरलं तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, असं ती नंतर निशिगंधाला म्हणाली.

मग तिला आंघोळ हवी झाली.

मंगळवारी दहा वाजता मोरीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, खाली रबरी चटई टाकली. उन्हाचा पट्टा नेहमीसारखा नळाखाली येऊन पडला होता. निशिगंधानं बादली भरून पुढ्यात ठेवली. “बघा आज्जी, पाणी बरं हाय का?”

अंबूबाईनं बाही वर केली आणि जुन्या सवयीनं कोपर बुडवलं. “थंड हाय. आणखी वत.”

निशिगंधानं गिझरचं पाणी ओतलं. “आता?”

“आणखी.”

तिसऱ्यांदा ओतून निशिगंधा नळ बंद करायला वळली. तेवढ्यात अंबूबाई म्हणाली, “हं, आता न्हायासारखं झालं,” आणि तांब्या भरून तिनं डाव्या हातावर घेतला. निशिगंधानं बादलीला हात लावला आणि ती किंचाळली, “अवो, ह्यात च्या उकळंल की!”

“नाजूक मेली,” अंबूबाई म्हणाली. मग तिचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं. मनगटापासून वर कातडं लालभडक झालं होतं. निशिगंधा त्यावर नळाचं गार पाणी धरून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर एक फोड फुगत गेला.

“आग हुत न्हाय?”

“हुतीया,” अंबूबाई हळूच म्हणाली. “जराशी.”

बेचाळीस वर्षं कढत पाण्यात घातलेलं कोपर. भाकऱ्या करणाऱ्या बाईच्या बोटांना तवा लागत नाही, तसं ते कधीतरी कामातून गेलं होतं. कधी गेलं होतं? या वर्षी? की दहा वर्षांपूर्वी? की त्याच्याही आधी? लेकरं भाजली असतील हे भय तिला वाटलं नाही, कारण लेकराचं पाणी ती वेगळं काढायची, आधी त्याच्या तळपायाला लावून बघायची, पाय आखडला तर गार विसण घालायची. लेकराला ती विचारायची. त्याच्या आईला तिनं कधी विचारलं नव्हतं.

निशिगंधानं दुसरं पाणी केलं आणि भाजलेला हात बाहेर धरून तिला न्हाऊ घातलं. चार महिन्यांनी डोक्यावरून पाणी आलं. अंबूबाई रडली, आणि रडतारडता निशिगंधाला शिव्या देत राहिली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी संयोगितानं हाताची पट्टी बघितली आणि सगळं बाहेर आलं. विश्वजितला वर्कशॉपमधून बोलावून घेतलं. तो आला तो तापूनच.

“चाललीस? कुणाला विचारून चाललीस?”

“माझ्या पायांस्नी इच्चारून!” अंबूबाईनं कागद त्याच्या अंगावर फेकला. “वाच. आई मराय टाकलीस आणि कागद वाचाय सवड न्हाय तुला!”

विश्वजितनं वाचला. मिलिमीटरच्या दहाव्या भागात चूक झाली तर लेथवरचा जॉब मोडीत टाकणारा माणूस तो, त्याचा चेहरा उतरला. पण उतरलेला चेहरा घेऊनसुद्धा माणूस वाद घालतोच. “बरं, चुकलं आमचं. पण भाजलीस त्याचं काय? म्हंजे तुझ्या हातात दिलं की हे असं हुतंय!”

“तिला सांगा तुम्ही, उद्यापासून येऊ नको म्हणून,” संयोगिता निशिगंधाकडं बोट करून म्हणाली.

“ती कुटं जात न्हाय! पाणी मी बघितलंय. तिनं न्हाय. कोपर माझं हाय.”

कोपर म्हटल्याबरोबर संयोगिता थांबली. मग तिनं कमरेवरचा पदर बाजूला केला. डाव्या कुशीपासून खाली गेलेला, हातभर लांबीचा, चकचकीत गुळगुळीत डाग. असा डाग मागं राहिलाय हे अंबूबाईला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं बघितला असणार, पण त्यानं मान खाली घातली.

“दुसऱ्या बाळंतपणातला,” संयोगिता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. “नवव्या दिवशी. मी ओरडले, आत्ती, भाजतंय. तुम्ही कोपर घालून बघितलंत आणि म्हणालात, कढत न्हाय, तूच नाजूक. वर दोन तांबे जास्त घातलेत. मडकं म्हणालात मला. माझ्या आईला निरोप धाडलात की लेकीला सोसायला शिकवलं न्हाय तुम्ही. फोड फुटला तरी सव्वा महिना संपेपर्यंत तुम्ही रोज त्याच्यावर पाणी घालत होता. तेव्हा मला विचारलं होतंत? कधी, कसं, किती, एकदा तरी? मग आता तुम्हाला का विचारायचं आम्ही?”

  अंबूबाई भिंतीकडं तोंड करून आडवी झाली आणि त्या दिवशी जेवली नाही.

पुढचे तीन दिवस ती निशिगंधाला धरून चालली, संडासला गेली, पण एकही शिवी दिली नाही. मनातल्या मनात ती बायका आठवत होती. तांबट बोळातली ती ठेंगणी, दात-ओठ खाऊन बसायची. सराफाची थोरली सून, तिसऱ्या दिवसानंतर तिनं दाराला कडी लावून घेतली होती. एक माहेरी निघून गेली होती न सांगता, आणि तिला सगळ्यांनी नावं ठेवली होती. आपण सगळ्यांत मोठ्यानं ठेवली होती. प्रत्येकीचा चेहरा आठवून अंबूबाईला जीव नकोसा झाला. पण आपली चूक कळली म्हणून दुसऱ्यावरचा राग जातो असं कुठं आहे? मी भाजलं हे खरं, आणि मला चार महिने उकिरड्यासारखं दारात ठेवलं हेही खरं. एकानं दुसरं फिटत नव्हतं. ती दोन्ही घेऊन पडून राहिली.

चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. त्या दिवशी केंद्रातली बाई आली. तेजस्वी नाव, चाळिशीची, चष्मा, हातात फॉर्म. आई भाजल्यावर विश्वजितनंच फोन करून बोलावली होती. ती सोप्यात बसली, आणि प्रश्न विचारायला लागली. अंबूबाई खाटेवर बसली होती, निशिगंधा शेजारी, आणि संयोगिता आपली स्वयंपाकघराच्या चौकटीत.

“जेवण कसं लागतं आज्जींना?”

“मऊ,” विश्वजित म्हणाला. “पेज, खिचडी.”

“मऊ लिहू नका,” चौकटीतून आवाज आला. “दात शाबूत आहेत त्यांचे. कडक भाकरी आणि खर्डा लागतो. पेज आम्ही देतो म्हणून खातात.”

तेजस्वीनं खोडून लिहिलं. “चहा?”

“बिनसाखरेचा,” विश्वजित म्हणाला.

“तो त्या खाटेजवळच्या कुंडीत ओततात. अर्धा चमचा घातली तर पितात.”

“ऐकायला येतं?”

“कमी येतंय जरा.”

“सगळं ऐकू येतं. ऐकायचं नसलं की कमी येतं.”

निशिगंधाला हसू आलं, तिनं ते दाबलं. अंबूबाई मात्र सुनेकडं बघत होती.

“झोप?”

“चांगली लागते,” असं विश्वजित म्हणाला खरं, पण आता त्यानं बायकोकडं बघितलं.

“चांगली कुठली. उजव्या कुशीला सळई टोचते. गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली तर लागते.”

“भीती वाटते कशाची? पडायची वगैरे?”

“व्हय, पडायची,” विश्वजित म्हणाला.

“न्हाय,” संयोगिता म्हणाली. “सोप्यात कुणी आलं आणि चादर सरकली तर, ह्याची.”

 म्हणजे हिला कळत होतं! मुलगा म्हणवणाऱ्याला काडीचं ठाऊक नव्हतं, आणि या बाईला हाडापर्यंत सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज सहा वाजता मुकाट पुसत राहिली होती. अंबूबाईला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की या घरात आपल्याला ओळखणारं एवढं एकच माणूस आहे.

“आंघोळ किती वाजता?”

विश्वजितनं कपाटावरच्या तक्त्याकडं बघितलं, पण सहा म्हणायचं त्याला धाडस झालं नाही.  संयोगिता म्हणाली, “ते त्यांनाच विचारा.”

तेजस्वीनं खुर्ची खाटेकडं वळवली. “आज्जी, आंघोळ कधी करायची तुम्हाला?”

“तिकडं न्हेणार असाल तर सहाला पुसा न्हायतर बाराला पुसा. मला कशाला इच्चारतासा?”

“तुम्हाला यायचं नाही का?”

“आज इच्चारताय?”

“आम्ही विचारतोच. इथं सही तुमची लागते.”

“मी करतो की सही, मी मुलगा आहे,” विश्वजित म्हणाला.

“तुमची चालणार नाही. त्या धडधाकट बोलतायत, त्यांचं त्यांना कळतंय. त्या नको म्हणाल्या की आम्ही घेत नाही.”

विश्वजितला हे ठाऊक नव्हतं. अंबूबाईलाही नव्हतं. तेजस्वीनं पुढं केलेलं पेन तिनं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि फॉर्मवर आडवं ठेवून दिलं.

“संयोगिता,” तिनं हाक मारली. एरवी ती ‘ए’ म्हणायची. “हिकडं ये. पुढं ये जरा.”

संयोगिता एक पाऊल पुढं आली.

“भाजलं तुला मी. पाणी कढत हुतं. मला कळलं न्हाय, आणि मी इच्चारलं बी न्हाय.” यापुढचा शब्द तिच्या तोंडात आयुष्यात कधी आला नव्हता, तो आताही आला नाही. “पर त्याच्यापायी मी जयसिंगपूरला जानार न्हाय. मी हितं ऱ्हानार. ही खाट आतल्या खोलीत न्या, आजच. ही पोरगी ऱ्हाईल. डायपर मला नगं. संडासला मी चालत जानार. पडले तर पडले, पायजे तर लिवून देते की माझ्या पायानं पडले म्हणून.”

“लिहून दिलंत तरी उचलायला मीच,” संयोगिता म्हणाली.

“व्हय,” अंबूबाई म्हणाली. “तूच.” ते खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती.

“आणि आंघोळ?”

“न्हानार. मोरीत बसून.”

“पाणी?”

अंबूबाईनं हातावरच्या पट्टीकडं बघितलं. “पाणी तू बघायचंस. माझ्या कोपराचं काय खरं न्हाय.”

“दहाला मी बँकेत असते.”

दहा वाजता मोरीत ऊन येतं. त्या दहासाठी तिनं पाच बायका हाकलल्या होत्या आणि चार महिने घसा फोडला होता. अंबूबाईनं मोरीच्या दिशेनं बघितलं. कुणी तिला घाई केली नाही.

“मग साडेआठ,” ती म्हणाली.

“साडेआठ म्हणजे साडेआठ. शिव्या देत बसलात तर मी थांबणार न्हाय.”

“शिव्या मी देणार,” अंबूबाई म्हणाली. “तू पाणी बघ.”